पहिल्या हाकेला ओ

सोमवार, ३ मार्च

पोचले. सकाळी सांगलीहून निघालेली एस.टी. साडेअकराला आटपाडीत आली. तिथून पुढं वडापच्या जीपमध्ये तेरा माणसं, दोन करडं आणि माझी ट्रंक. एक करडू वाटभर माझ्या ओढणीचं टोक चघळत होतं. त्याच्या मालकाला सांगावं की नाही याचा विचार करता करता गाव आलं, आणि टोक गेलं.

माझी मैत्रीण सृष्टी म्हणाली होती, अगं, आमचं गावाकडचं घर आहे, साधंच. साधं! माळावर एकटा दुमजली बंगला, गुलाबी रंगाचा, खांबांना चकचकीत टाइल्स, फाटकावर दोन सोनेरी सिंह. सृष्टीचा नवरा जयराज कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहे, म्हणजे सोनं गाळतो. इकडं घरटी एक तरी माणूस त्या धंद्यात आहे, आणि त्यांचे बंगले वर्षभर कुलपात. जत्रा आली की उघडतात. घरात कुणीतरी दिवा लावला पाहिजे, तू राहा, एवढंच सृष्टीचं म्हणणं.

सांगलीला आमच्याकडं सहा माणसं आणि दोन खोल्या. मला पुण्याच्या एका कंपनीनं घरून करायचं काम दिलंय. डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकायच्या आणि टाइप करायच्या. त्याला शांतता हवी आणि इंटरनेट हवं. तीन महिने उमेदवारी. कामाच्या वेळात तीनदा अर्ध्या तासाहून मोठा खंड पडला तर काम गेलं. शांतता इथं पोत्यानं आहे. इंटरनेटचं उद्या.

सुमंतदादानं पैज लावलीय की चार दिवसांत रडत परत येईन. त्याचंही चूक नाही. लहानपणी शाळेची घंटा ऐकली की मला उलटी व्हायची, म्हणून चौथीपर्यंत आजोबांनीच घरी शिकवलं. अक्षर, पाढे, रोजनिशी. आणि सगळ्यांच्या आधी हे, की हाक आली की हातातलं टाकून पहिल्या हाकेला ओ द्यायची. दुसरी हाक मारायला लावली तर रात्री गोष्ट नाही. दादाची स्वानंदी सहा वर्षांची आहे, ती आता त्याच तालमीत आहे. तिला हाक पुरी मारायच्या आधीच तिची ओ येते.

चाव्या शेजारच्या मनुबाईंकडं होत्या. त्या अंगणात मटकी निवडत बसलेल्या. मी फाटकातून मावशी म्हणून हाक मारली. मान वर नाही. पुन्हा मारली. बहिऱ्या असाव्यात असं वाटून तिसऱ्यांदा चांगली ओरडले, तर म्हणाल्या, व्हय गं पोरी, वरडतीस कशाला, ऐकू येतंय की. नंतर पाहिलं, गावात सगळेच असे. वडापवाल्यानंही एका दारात उभं राहून तीनदा हाक मारली तेव्हा आतून उत्तर आलं. आजोबांनी या गावाला एका आठवड्यात सरळ केलं असतं.

मंगळवार, ४ मार्च

आटपाडीला जाऊन राउटर आणला. सिमकार्ड घालायचं, विजेला लावायचा, की घरात वायफाय. दुकानातला विश्वजित माझ्याच वयाचा असेल. सगळ्यात स्वस्तातला दाखवून म्हणाला, ताई, दिसायला गरीब हाय, पण घरकाम इमानदारीनं करतंय. त्यानं राउटरचं पान कसं उघडायचं ते शिकवलं. त्यावर रेंज आकड्यांत दिसते, तीही उणे. उणे एकशेपंधरा म्हणजे मरणपंथाला, उणे शंभरच्या आत आली की देवाची कृपा. शेवटी म्हणाला, कायबी अडलं तर फोन करा, आणि उचलला न्हाई तर परत करा, मी तिसऱ्यांदा उचलतोच. हसले.

घरी आल्यावर पहिलीच ठेच. माझ्या सिमला इथं रेंजच नाही. माळावर एकाच कंपनीचा टॉवर पोचतो. त्या कंपनीचं नवं सिम हवं तर विश्वजितचं अंगठा घेण्याचं यंत्र बिघडलंय, आठवडा लागेल. सृष्टीला फोन करायला मनुबाईंचा फोन मागितला. सृष्टी म्हणाली, देवघराच्या खणात कुंकवाच्या जुन्या डबीत सासूबाईंचं सिम आहे, ते घाल. सासूबाई म्हणजे सुलाबाई. दीड वर्षापूर्वी गेल्या. तरी त्यांचा नंबर चालू आहे, जयराज दर महिन्याला रिचार्ज करतात.

मेलेल्या माणसाची वस्तू विचारल्याशिवाय कशी घ्यायची? जयराजदादांना द्यायला सांगितलं. त्यांनी आधी किती दिवस लागेल ते विचारलं. मग म्हणाले, वापरा ताई. पण त्या नंबरवर फोन आला तर उचलू नका. मी सांगितलं की राउटरवर फोन येतच नाही, त्याला नुसतं इंटरनेट चालतं. मग ठीक आहे, म्हणाले.

गुरुवार, ६ मार्च

दोन दिवस राउटर घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघरात उणे एकशेअठरा. जिन्यात एकशेबारा. गच्चीवर टाकीच्या बाजूला, टॉवरकडं तोंड केलं की एकशेदोन. गच्चीवर ठेवायचा तर ऊन आणि धूळ. म्हणून स्टीलच्या डब्यात घालून वर घट्ट झाकण लावलं आणि खाली येऊन बघते तर रेंज शून्य. पत्र्याच्या डब्यातून लहरी जात नाहीत हे मी स्वतः नववीला लिहिलेलं आहे, त्याला पैकीच्या पैकी मार्क पडलेले आहेत.

आता आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात घातला. वायरीपुरतं भोक पाडलं आणि डबा टाकीच्या नळाला सुतळीनं बांधला. नेटची निळी तीस मीटरची वायर गच्चीवरून खिडकीच्या गजातून टेबलापर्यंत आणली. उणे शहाण्णव! मनुबाई खालून बघत होत्या. म्हणाल्या, कावळ्याला ठिवलाय का काय निवद? मी हे एकटीनं केलं. दादाला फोटो पाठवला. आता फोनही वायफायवरूनच लागतात.

खिडकीतून मागं शेततळं दिसतं. मनुबाई बघतात त्या डाळिंबाच्या बागेसाठी खणलेलं, आत काळा प्लास्टिकचा कागद, भोवती तारेचं कुंपण. भर दुपारीसुद्धा पाणी काळंच दिसतं.

शुक्रवार, ७ मार्च

राउटरच्या पानावर संदेशांचा एक कप्पा आहे. सिमवर आलेले मेसेज तिथं पडतात. आज दुपारी बाराला रेंज बघताना दिसलं, एक आलाय. मजकूर एवढाच: सुले.

पाठवणाऱ्याच्या रकान्यात काहीच नाही. दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत हे मला कळतं, पण कप्पा उघडल्यावर डोळे मिटता येत नाहीत. त्यांना सुले म्हणणारं कोण असेल? माहेरचं कुणी? गेल्याचं कळवायचं राहिलं असेल का?

शनिवार, ८ मार्च

बरोबर बाराला पुन्हा. सुले, आहेस का.

अर्धा तास तळमळले. जयराजदादांनी फोन उचलू नका म्हटलं होतं, आणि हा फोन नाही, मेसेज आहे. कुणीतरी म्हातारी बाई मैत्रिणीची वाट बघत असेल, आणि मी कप्पा मिटून भाकरी खात बसायचं? आजोबा काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. नंबर दिसत नसला तरी खाली उत्तराची चौकट होती, राउटरच्या पानावरूनच टाइप केलं:

ओ. सुलाबाई आता नाहीत. मी ज्ञानदा, त्यांच्या घरी राहते. आपण कोण?

बरं वाटलं.

सोमवार, १० मार्च

कामाचा पहिला दिवस. नऊ ते तीन, एकही खंड नाही. गुडघ्याच्या सोळा तपासण्या टाइप केल्या.

बाराला मेसेज आला: ज्ञानदा.

नाव सांगितलं तर नावानं हाक मारली, यात वावगं काय. पण आपण कोण याचं उत्तर नाही. मी पुन्हा उत्तर दिलं नाही. कामाची वेळ होती म्हणून. दुसरं कारण नाही, असं लिहून ठेवते.

मंगळवार, ११ मार्च

पुन्हा. ज्ञानदा. बारा वाजता.

तीनला काम संपवून मनुबाईंकडं गेले आणि सहज सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या हातातलं सूप खाली आलं. मी उत्तर दिलं का, एवढंच विचारलं. दिलं म्हटल्यावर पदर तोंडाला लावून बसल्या. मग एकदम माझ्यावर चढल्या. शिकल्याली मानसं तुमी, आन् पैल्या हाकंला ओ देता? कुनी शिकीवलं तुला?

मग त्यांनी सांगितलं. या माळावर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी मारतोच. ते जे आहे त्याला एकदा हाक मारता येते, फार तर दोनदा. तिसरी त्याला येत नाही. ते म्हणजे कोण, मी विचारलं. मनुबाई म्हणाल्या, त्येला नाव न्हाई गं पोरी. नाव आसतं तर आमीच हाक मारली नसती का त्येला?

आणि सुलाबाई? त्या सगळ्या गावापेक्षा काटेकोर होत्या. पोरं कोइमतूरला गेल्यावर एकट्याच इथं. एका दुपारी तळ्यात सापडल्या. प्लास्टिकचा उतार शेवाळतो, एकदा पाय गेला की हाताला काही लागत नाही. चपला आणि फोन काठावर नीट ठेवलेले होते.

वाईट वाटलं. पण म्हातारी बाई तळ्यावर घसरते, त्याला कुणी हाक मारायला लागत नाही. मी भित्री आहे, अडाणी नाही. भीती वाटली की आजोबा सतराचा पाढा म्हणायला लावायचे. दोनदा म्हटला.

बुधवार, १२ मार्च

वारा आहे. रेंज उणे एकशेनऊ. आज मेसेज दोन आले.

ज्ञानदा. ज्ञानदा. दोन्ही बारा वाजून शून्य मिनिटांचे.

विश्वजितला फोन केला. (तिसऱ्यांदा उचलला.) त्याला नुसतं दोनदा का आला एवढं विचारलं. म्हणाला, सोपं हाय ताई. मेसेज मिळाला की तुमचं यंत्र टॉवरला पोच देतं. रेंज कमी आसली की पोच वाटंतच मरती. टॉवरला वाटतं, पोचलाच न्हाई. मग त्यो परत पाठवतो. एकच मेसेज दोनदा यील, तीनदा बी यील.

फोन ठेवला आणि दोन्ही मेसेज पुन्हा वाचले. त्याला तिसरी हाक येत नाही. पण टॉवर एका हाकेच्या तीन करू शकतो.

गुरुवार, १३ मार्च

सकाळी जयराजदादांना फोन करून सगळं कबूल केलं. उत्तर दिल्याचंही. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, आईच्या फोनवर तीन मेसेज होते, तिन्ही सुले म्हणून, तिन्ही एकाच मिनिटाचे. आई तिसऱ्याशिवाय ओ देणारी न्हवती. तिसऱ्याच्या खाली तिनं लिवलं होतं, आले, आले.

नंबर बंद का नाही केला, असं विचारलं. म्हणाले, बंद केला तर ती हाक कुठं जाईल ताई? डबीतल्या सिमपाशी थांबत होती, तिथंच थांबू दे म्हटलं. सृष्टीला यातलं काय म्हाईत न्हाई, तिच्या देखत न्हाई म्हणता आलं न्हाई मला. तुमी आजच्या आज निघा.

दुपारी वीज गेली, अकरा ते पाऊण. कामात पहिला खंड. राउटर बंद, म्हणून हाकही नाही. वीज आली तेव्हा ती वाट बघत होती. एकच. ज्ञानदा.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. नवं सिम मिळालं. सुलाबाईंचं सिम पुसून कुंकवाच्या डबीत ठेवलं, हात जोडले. नवा नंबर माझ्या नावावर, कुणालाच दिलेला नाही. बाराला कप्पा उघडला.

ज्ञानदा.

नंबरावर नाही येत ते. नावावर येतं. आणि नाव मी स्वतः दिलंय.

शनिवार, १५ मार्च

घरी जायचं ठरवलं होतं. ट्रंक भरलीही. मग सांगलीला फोन लावला. लावल्याबरोबर स्वानंदी ओरडली, आत्या!

मी गप्प राहिले. दुसऱ्यांदा, आत्या? मी गप्प. तिसरी हाक येईपर्यंत तोंड उघडलं नाही. तिसरीला तिचा आवाज रडका झाला होता. आत्या, तू माझ्यावर रागावलीस? म्हणाली. मी ओ दिली, पण उशीर झाला होता, तिनं फोन आजोबांकडं दिला. आजोबा म्हणाले, पोरीनं तीनदा हाक मारली गं तुला. एवढंच. लहानपण असतं तर आज रात्री गोष्ट नाही.

हे इथून माझ्याबरोबर गेलं तर कुठं जाईल? दोन खोल्यांत सहा माणसं, आणि सहाही पहिल्या हाकेला ओ देणारी. स्वानंदी तर हाकेच्या आधी.

ट्रंक रिकामी केली. मी जाणार नाही. भिऊन नाही आणि हट्टानंही नाही. मी चुकून ज्याला नाव दिलं, त्याला मी इथंच अडवून धरणार. मनुबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, लय खमकी हायस गं, दिसत न्हाईस. त्यांनी रात्रीचं झोपायला यायचं कबूल केलं. येताना फाटकातून तीनदा हाक मारतात. ए पोरी. ए पोरी. ए पोरी. मी तिसरीला ओ देते. शिकले.

रविवार, १६ मार्च

विचार केला. रेंज चांगली असली की पोच पहिल्यांदाच जाते, हाक एकच राहते. म्हणजे यावर औषध आहे, आणि ते माझ्या हातातलं आहे. गच्चीवर टाकीला बांबू बांधला, डबा बांबूच्या टोकाला. उणे ब्याण्णव. बारा वाजता कप्प्यासमोर हातांची घडी घालून बसले. ज्ञानदा, एकदा. पाच मिनिटं थांबले. दुसरी नाही.

मी मोठ्यानं हसले. रिकाम्या घरात आवाज घुमला. घुमू दे.

सोमवार, १७ मार्च

वाऱ्यानं बांबू पाडला. दुसरा खंड, चाळीस मिनिटं. कंपनीचं पत्र आलं, आणखी एक झाला तर उमेदवारी संपेल. डबा पुन्हा बांधला, पण बांबू चिरलाय. उणे एकशेसात.

दोनदा. ज्ञानदा. ज्ञानदा.

आणि त्याच वेळी बाहेरून. स्क्रीनवर नाही, कानानं. तळ्याच्या बाजूनं आजोबांचा आवाज, ते मला लहानपणी हाक मारायचे तसा, शेवटचा आ लांबवून. एकदाच.

जीभ दाताखाली धरली. रक्त आलं. ओ दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आजोबांच्या हाकेला ओ दिली नाही. ते आजोबा नव्हते. ते सांगलीत दुपारचे झोपले होते, मी नंतर फोन करून खात्री केली. तरी रडले.

मंगळवार, १८ मार्च

सुमंतदादाच्या आवाजात. एकदा. मग स्वानंदीच्या, पण आत्या नाही, ज्ञानदा. एकदा. रडका, शनिवारचा.

हा अन्याय आहे. तो रडका आवाज मी घडवलाय, आणि ते तो वापरतंय.

खिडकी उघडली आणि तळ्याकडं बघून सांगितलं, मला हाक मारणारा तू कोण? तुला नाव नाही, तुला तिसरी येत नाही, तुला टॉवरचे पाय धरावे लागतात. मी इथंच आहे. खिडकी उघडीच ठेवली. काम केलं. फुप्फुसाच्या अकरा तपासण्या, एकही चूक नाही.

बुधवार, १९ मार्च

१०.३० — मनुबाई बागेत गेल्या. ठिबकला पाणी येत नाही, तळ्यावरचा पंप बघून येते, म्हणाल्या. मी जाऊ नका म्हटलं. म्हणाल्या, डाळिंब जळतील गं. मग तीनदा हाक मारत जा, मी म्हटलं. त्या हसल्या. आमी काय पैल्यांदा मारतो व्हय?

११.५० — वारा. बांबू वाकतोय. उणे एकशेतेरा.

१२.०० — ज्ञानदा. ज्ञानदा.

तिसरी नाही अजून. थांबलेय. पान दर मिनिटाला ताजं करतेय—

१२.०४ — बाहेरून. तळ्याकडून. मनुबाईंचा आवाज. ए पोरी.

नावानं नाही. पोरी म्हणून. ते मला फक्त नावानं ओळखतं. पण मनुबाई मला पोरी म्हणतात हे या घराच्या भिंतीनंही ऐकलंय.

पाणी हलल्याचा आवाज. तळ्याच्या प्लास्टिकवर काहीतरी घासतंय, पुन्हा पुन्हा, कुणी चढायला बघावं तसं.

खिडकीतून तळ्याचा अलीकडचा काठ दिसत नाही. कुंपणाचं दार उघडं. पलीकडच्या काठावर चपला. कुणाच्या, इथून—

१२.०५ — ए पोरी.

दुसरी.

माणूस असेल तर तिसरी मारेल. मारा, मावशी. मारा ना.

१२.०६ — मी लिहीत बसलेय. पाण्यात माणूस आहे आणि मी टेबलाशी बसून हाका मोजतेय. लाज वाटते. बुडणाऱ्या माणसाला तीनदा ओरडायला श्वास कुठून यायचा? सुलाबाई त्या दिवशी पाण्यातून ओरडल्या असतील. किती जण कुठं बसून तिसरीची वाट बघत होते?

नाही. हे ते मला शिकवणार नाही. माझं नाव घेतलंस, आजोबांचा आवाज घेतलास, स्वानंदीचं रडू घेतलंस. हाकेला उठणं माझं आहे. ते देणार नाही.

तळ्याच्या काठावर धरून चढायला दोर आहे, पण तो उन्हानं कुजलाय. निळी वायर. ओढून घेतली, राउटर गच्चीवरून खाली आला, फुटला. तिसरा खंड. जाऊ दे काम. वायर एकपदरी माणसाला पेलणार नाही, तीन पदर वळते. एक टोक गजाला. दुसरं कमरेला.

ओ दिली. खिडकीतून, घसा फाटेपर्यंत. ओ मावशी, आले, आले.

लिहिताना कळलं, सुलाबाईंचेही शेवटचे शब्द—

असू दे.

तळ्याकडून काहीच नाही. घासणं थांबलं.

१२.०९ — पुढच्या फाटकाची कडी. हाक. ए पोरी. ए पोरी. ए पोरी.

तीनदा. रस्त्याकडून. आणि त्यावर शिव्या, पंपाचा मेकॅनिक घरात न्हाई, गावभर हिंडले, पाय तुटलं. मनुबाईच. ओरडून सांगितलं, मावशी, आत येऊ नका, फाटकातच थांबा, मागं येऊ नका.

मग तळ्यात कोण—

खिडकीखाली ओलं. पायरीवर. घासत येतंय.

मी पळणार नाही. ओ मी माणसाला दिली होती. मध्येच झेललीस, ती चोरी आहे तुझी. आता हाक मी मारणार, आणि ओ तू द्यायचीस. या माळावर तुला आजवर कुणी हाक मारली नाही. नाव नसेना का. नोंद करते, म्हणजे मोजण्यात चूक नको.

पहिली. तळ्यातल्या, कोण आहेस? मारली. घासणं थांबलं.

दुसरी. तळ्यातल्या, कोण आहेस? मारली. गजाची वायर ताणली गेलीय, मी हलले नाही तरी—

तिसरी. तळ्यातल्या, को—